दचका

शाळेचा फोन आला तेव्हा टेपवाली एका कॉलरवर डाफरत होती. खरं तर ती कॉलर शिवणाऱ्यावर, पण तो समोर नव्हता, म्हणून कॉलरवर.

शर्टाच्या कारखान्यात ती चेकर होती. एकोणीस वर्षं एकाच टेबलाशी उभी. गळ्यात मोजायची टेप, बोटांत खडू आणि राग नाकाच्या शेंड्यावर. तिचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात तेवढं उरलं होतं, बाकी सगळे टेपवालीच म्हणत. तिचा एक नियम होता आणि नव्या पोरींना तो ती पहिल्याच दिवशी दम देऊन शिकवायची. पीस हातात आला की आधी त्याचा टॅग पालथा घालायचा. टॅगवर आधीच्या खात्यानं ‘ओके’चा शिक्का मारलेला असतो. तो वाचला की डोळे आळशी होतात. आधी मोजायचं, मग वाचायचं.

शाळेत पोचली तर बटण ऑफिसातल्या बाकावर बसलेली. बटण म्हणजे तिची तेरा वर्षांची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून टेपवालीनंच ते नाव ठेवलं, ते चिकटलं. गुडघा खरचटला होता आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

“हे तिसऱ्यांदा,” मोठ्या बाई म्हणाल्या. या शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि बोलताना टेबलावरची पट्टी हलवायची त्यांना सवय होती. “व्हरांड्यात घंटेखाली उभी होती. घंटा झाली आणि या बाईसाहेब धाडकन खाली. नेमकी गणिताच्या चाचणीला! आणि वर घोरत होती हो.”

“घोरत?”

“चांगली मोठ्यांदा. घर्र घर्र. पोरं हसायला लागली. चक्कर आलेला माणूस कधी घोरतो का? मी म्हटलं, झोपू दे तिला, होऊ दे नाटक पुरं. अर्ध्या मिनिटानं उठली आणि विचारते, माझी वही कुठंय.”

टेपवालीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण राग आला तो लेकीचा. कामावरून अर्धी रजा टाकून यायचं, आणि हे ऐकून घ्यायचं! रस्त्यात तिनं बटणाचा दंड धरून तिला खडसावलं, “अभ्यास झाला नव्हता तर सरळ सांगायचं. माझी अब्रू का चव्हाट्यावर मांडतेस?”

“आई, मी काहीच केलं नाही गं,” बटण म्हणाली. ती रडतही नव्हती, नुसती गोंधळली होती. “घंटा वाजली. मग मोठ्या बाई दिसल्या. मधलं काही नव्हतंच.”

घरी आईनं, म्हणजे बटणाच्या आजीनं, सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. “दचकली असेल. आपल्या घराण्यातच दचका आहे.”

हा शब्द त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झाला होता. कुणाचे डोळे घारे असतात, कुणाचे केस कुरळे, तसा त्यांच्याकडे दचका. आईची धाकटी बहीण, टेपवालीची मावशी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा फोनची घंटा वाजली म्हणून उठली आणि फोनपर्यंत पोचलीच नाही. ‘दचकून गेली’ एवढंच सगळे म्हणत. त्यानंतर दादा.

टेपवालीचा दादा बावीस वर्षांचा होता, ती सतराची. दादाला नवी नोकरी लागली होती आणि सकाळी उठायचा कंटाळा. म्हणून त्यानं स्वतःच डोक्यावर दोन घंटा असलेलं गजराचं घड्याळ आणलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी सहाला ते घड्याळ ठणाणा करत सुटलं, तरी दादा आपला उताणा पडून घोरतोय. ही केस विंचरत आत गेली. म्हणाली, “ऊठ रे कुंभकर्णा, नाटकं पुरे!” उशी उचलून त्याच्या तोंडावर फेकली. घड्याळ बंद केलं आणि आंघोळीला निघून गेली. वीस मिनिटांनी आई चहा घेऊन गेली, आणि कप फुटल्याचा आवाज न्हाणीघरापर्यंत आला.

झोपेत हृदय बंद पडलं, असं तेव्हा आलेल्या डॉक्टरांनी लिहून दिलं. बाप जन्मभर त्याला भित्रा म्हणत आला होता. लहानपणी फटफटीचा हॉर्न वाजला तरी दादा पडायचा, त्यावरून. तो मेल्यावरही बापानं शब्द मागे घेतला नाही. आईनं मात्र एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली. पोरगं घोरत गेलं. म्हणजे सुखानं गेलं. तेवीस वर्षं झाली, दादाचा दिवस आला की ती विचारायची, “तू ऐकलंस ना गं त्याला घोरताना?” आणि टेपवाली म्हणायची, “हो आई, ऐकलं.”

यंदाही म्हणाली होती.

तिसऱ्यांदा पडली म्हटल्यावर मात्र तिनं दुसऱ्याच दिवशी बटणाला मोठ्या इस्पितळात नेलं. बटणाचा बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा घरी यायचा, त्यामुळे असली कामं तिच्याच गळ्यात. खिडकीतून एक फॉर्म मिळाला. नाव, वय, वजन. मग प्रश्न: ‘कुटुंबात कुणाला हृदयविकार आहे किंवा होता का?’ शेजारी दोन चौकोन. तिनं विचारही न करता ‘नाही’च्या चौकोनात खूण केली. हृदयविकार म्हणजे काय ते तिला माहीत होतं. पन्नाशीचे पोट सुटलेले पुरुष, छातीवर हात, डाव्या दंडात कळ. असलं त्यांच्या घरात कुणालाच नव्हतं.

तरुण डॉक्टर गोड बोलणारा होता. बटणाच्या छातीला तारा लावून मशीननं एक कागद काढला. डॉक्टरनं त्याच्या वरच्या कडेला छापलेला शब्द वाचला, ‘नॉर्मल’, आणि हसून कागद टेपवालीच्या हातात दिला. “हृदय एकदम मस्त आहे. या वयात मुली जरा हळव्या असतात. परीक्षेची भीती, दुसरं काय. समुपदेशकांना दाखवा.”

बसमध्ये ती बटणाला म्हणाली, “ऐकलंस ना? काही झालेलं नाही. आता पुन्हा शाळेतून फोन आला तर बघ.” बटणानं मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

सोमवारी कारखान्यात खिशाचा एक लॉट आला. सगळ्यांवर ओके टॅग. टेपवालीनं पहिल्याच शर्टाचा टॅग पालथा घातला, टेप लावली. खिसा अर्धा इंच खाली. दुसरा, तोही खाली. पलीकडच्या टेबलावरच्या नव्या पोरीनं मात्र तसलेच तीस शर्ट पास करून ठेवलेले.

“टॅग वाचलास ना?” टेपवाली कडाडली. “आधी टॅग वाचलास आणि मग नुसता हात फिरवलास! मागच्या खात्यानं शिक्का मारला म्हणजे खिसा वर चढतो का? तुला डोळे कशाला दि…”

आणि ती थांबली. पोरगी रडायच्या बेतात होती, ती बुचकळ्यात पडली. टेपवाली हातातल्या टॅगकडे बघत राहिली. तिला त्या गोड बोलणाऱ्या डॉक्टरचं बोट आठवत होतं. ते कागदाच्या वरच्या कडेवर होतं. त्याखाली ते गेलंच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं पिशवीतून बटणाचा कागद काढला, वरची ‘नॉर्मल’ लिहिलेली कड मागे दुमडली आणि कागद टेबलावर पसरला. बारीक लाल चौकटी. त्यांवर एक रेघ. उंच टोक, त्यानंतर एक बसका उंचवटा, मध्ये किंचित खळी पडलेला, मग थोडी सपाट रेघ, पुन्हा टोक. तिनं टेप लावली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस घरं. उंचवटा संपत होता तो तेराव्या घराशी. असं दर वेळेला. आता हे बरोबर की चूक, ते देव जाणे. मोजण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती, पण मापाला माप लावायला सँपल लागतं. कारखान्यात प्रत्येक डिझाइनचा एक पास झालेला शर्ट खुंटीला टांगलेला असतो, तसं काहीतरी.

मग तिला आठवलं. चाळिशी झालेल्या सगळ्या कामगारांची कारखान्यात दरवर्षी तपासणी व्हायची. ती प्रथमोपचाराच्या खोलीत गेली आणि सिस्टरच्या मागे लागून फायलीतून स्वतःचा कागद काढून घेतला. स्वतः तर ती ठणठणीत होती. जन्मात कधी पडली नव्हती, चाळीस वर्षांत दवाखान्याची पायरी चढली ती बाळंतपणाला. याहून चांगलं सँपल कुठलं? तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकवीस घरं, उंचवटा तेराशी. तसाच बसका. तशीच मध्ये खळी.

हुबेहूब. लेक आईवर गेली होती. टेपवालीनं मोठा श्वास सोडला, डबा उघडला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

ती हात धुऊन आली तर पैलवान टेबलाशी उभा. पैलवान इस्त्री खात्यातला, आडदांड आणि बढाईखोर. तिनं मागितलेलं नसताना त्यानं आपला कागद आणून तिच्या कागदांवर आपटला होता.

“घोड्याचं हृदय आहे, घोड्याचं! सिस्टर म्हणाली तू मापं घेतेस म्हणून. घे माझं पण.”

“जा रे, कामाला लाग,” ती म्हणाली आणि त्याचा कागद बाजूला सारताना तिची नजर गेली. हात आपोआप टेपकडे गेला. वीस घरं. उंचवटा नवव्या घरातच संपला होता. टोकदार, आटोपशीर, अर्ध्याच्या अलीकडे. नंतर लांबलचक सपाट रेघ.

“तुझ्यात बिघाड आहे वाटतं,” ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

ती पुन्हा सिस्टरकडे गेली. सिस्टर नको नको म्हणत होती, तिनं ऐकलं नाही. आठ कागद काढून घेतले, नावं झाकली आणि एकामागोमाग मोजले. नऊ. साडेनऊ. नऊ. साडेआठ. आठच्या आठ अर्ध्याच्या अलीकडे. पलीकडे होते फक्त दोन. एक बटणाचा आणि दुसरा तिचा स्वतःचा.

सहा वर्षांपूर्वी कारखान्यात एक मोठा घोळ झाला होता. चार हजार शर्ट तपासून, मोजून, पास होऊन गेले आणि चारच्या चार हजार परत आले. डाव्या बाह्या आखूड. चेकरांचं काही चुकलं नव्हतं. खुंटीवरचं सँपलच चुकीचं होतं, आणि सगळ्यांनी प्रत्येक शर्ट इमानदारीनं त्या चुकीला लावून बघितला होता. तेव्हा टेपवालीनं सँपल खात्यात जाऊन अर्धा तास आरडाओरडा केला होता. आता आरडाओरडा करायला समोर कुणी नव्हतं. सँपल तीच होती. तिला असा राग आला की सिस्टर दोन पावलं मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बटणाला आणि आईला घेऊन इस्पितळात हजर. आईला तिनं का नेलं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. “आमच्या घराण्यात” असं म्हणणारं माणूस सोबत असावं, एवढंच वाटलं.

खिडकीतली मुलगी म्हणाली, “पुढच्या महिन्यातली तारीख मिळेल.”

“पुढच्या महिन्यापर्यंत शाळेत किती घंटा होतात माहीत आहे का तुला?” टेपवाली म्हणाली. मुलीला काही कळलं नाही, पण तिनं त्यांना आत सोडलं. टेपवालीचा चेहराच तसा होता.

तरुण डॉक्टरनं ओळखलं. “अहो, रिपोर्ट नॉर्मल होता ना?”

टेपवालीनं टेबलावर तीन कागद मांडले, तिन्हींच्या वरच्या कडा दुमडलेल्या. “हा लेकीचा, हा माझा, हा आमच्या पैलवानाचा. मी अडाणी बाई आहे. मला एवढंच सांगा, तुम्ही मोजलंत का?”

“मशीन स्वतः मोजतं, बाई.”

“मशीन राहू दे बाजूला. तुम्ही. तुमच्या हातानं. मोजलंत?”

तिचा आवाज एवढा चढला की मधल्या दारातून मोठ्या डॉक्टरीणबाई डोकावल्या. पांढरे केस, बारीक अंगकाठी, हातात चहाचा कप. त्या आत आल्या, कागद पाहिले, मग शेजारी पडलेला जुना फॉर्म उचलला. “घरात हृदयविकार नाही?”

“छे हो,” कोपऱ्यातून आई म्हणाली. तिला बोलायची संधी मिळाली याचंच बरं वाटलं. “आमच्याकडे ते हृदयबिदय काही नाही. आमच्याकडे आपला दचका आहे.”

डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला. “दचका म्हणजे?”

“म्हणजे दचकतात आणि पडतात. माझी बहीण फोनला दचकली. मुलगा गजराला. ही शाळेच्या घंटेला.”

“आणि ते… बहीण आणि मुलगा?”

“गेले ना,” आई सहज म्हणाली. “बहीण तेवीसची होती, मुलगा बावीसचा.”

डॉक्टरीणबाईंनी खिशातून दोन टोकांचं कंपासासारखं एक माप काढलं आणि बटणाच्या कागदावर टेकवलं. एकदा, दोनदा, दहादा. मग टेपवालीच्या कागदावर. पैलवानाचा त्यांनी नुसता बघितला. इतक्यात बाहेर टोकनची बेल किरकिरली. डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या, बटणाच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. बटणानं डोळे मिचकावले. “काय झालं?” तिनं विचारलं.

“ती बेल बंद करा!” डॉक्टरीणबाई दाराबाहेर ओरडल्या. “आत्ताच्या आत्ता! वायर उपटा!”

टेपवालीला त्या बाई पहिल्यांदा आवडल्या.

आईला आणि बटणाला तारा लावायला शेजारच्या खोलीत पाठवलं आणि डॉक्टरीणबाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं. हृदय विजेवर चालतं. प्रत्येक ठोक्यानंतर ती वीज पुन्हा भरावी लागते. या घराण्यात ती भरायला वेळ जास्त लागतो, तोच हा लांबलेला उंचवटा. बसका आहे, म्हणून मशीनला त्याचा शेवट सापडला नाही. नेमक्या त्या भरण्याच्या वेळात एकदम घंटा किंवा गजर झाला तर ठोके विस्कटतात आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. रक्त पुढे जात नाही. पुष्कळदा आपोआप सावरतं. एखाद्या वेळेस सावरत नाही.

“म्हणजे ती भित्री नाही?”

“भीतीचा इथं काडीचा संबंध नाही.”

“माझा दादा पण नाही?”

“नाही.” डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. “गोळी आजपासून सुरू करू. एकही दिवस चुकवायची नाही. तुम्हीपण घ्यायची. काही औषधं आयुष्यात कधी घ्यायची नाहीत, त्यांची यादी देते. पुढे लागलं तर छातीत एक छोटं यंत्र बसवू. तुमच्या भावाच्या वेळी कुणी जवळ होतं?”

“मी होते. पण तो झोपला होता. घोरत होता.”

पेन थांबलं.

“गजर चालू होता आणि घोरत होता?”

“हो. मोठ्यांदा. ही पण शाळेत अशीच…” टेपवाली म्हणाली आणि तिचं वाक्य तिथंच तुटलं. तिला कुणी काही सांगायच्या आत कळलं होतं, तरी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सांगायला हवंच होतं.

“ते घोरणं नसतं. हृदय थांबलं की शरीर काही वेळ तसे श्वास ओढतं. लोकांना वाटतं झोपलाय. तीच वेळ असते छाती दाबायची.”

“किती वेळ असतो?”

“काही मिनिटं.”

टेपवाली खुर्चीवरून उठली, भिंतीपाशी गेली आणि परत आली. कुणावर ओरडायचं? बापावर? तो मेला. त्या डॉक्टरवर, ज्यानं ‘हृदय बंद पडलं’ लिहिलं आणि घरात आणखी पोरं आहेत का हे विचारलं नाही? या गोड बोलणाऱ्यावर? तो खाली मान घालून उभाच होता. त्या फॉर्मवर, ज्यानं ‘दचका आहे का’ असं विचारलंच नव्हतं? सगळ्यांवर ओरडली असती तरी शेवटी एक सतरा वर्षांची मुलगी उरत होती, एका हातात कंगवा आणि दुसऱ्या हातात उशी.

“गोळीनं धोका पुष्कळ कमी होतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण पूर्ण जात नाही. मुलगी शाळेतून आल्यावर घरात कोण असतं?”

“माझी आई. दीडपासून सहापर्यंत दोघीच.”

“मग छाती दाबायला त्यांनाही यायला हवं. आणि घोरण्याचं काय ते त्यांना आधी कळायला हवं. मी सांगू?”

“नको,” टेपवाली म्हणाली. “मी सांगते.”

तिथल्या नर्सनं गादीवर तिला शिकवलं. छातीच्या मधोमध, हाताचा तळवा, कोपर ताठ, जोरात आणि भरभर. मोठ्यांदा मोजायचं म्हणजे लय सुटत नाही. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

तिथून ती थेट शाळेत गेली; आईला आणि बटणाला घंटेपासून लांब, कोपऱ्यावरच थांबवलं. मोठ्या बाई पट्टी हलवत म्हणाल्या, “एका मुलीसाठी साऱ्या शाळेची घंटा बंद करायची?”

“ती तुमच्या घंटेखाली मरत होती आणि तुम्ही पोरांना हसू दिलंत,” टेपवाली म्हणाली. ती ओरडली नाही. हे वाक्य ओरडायचं नव्हतं. “घोरत होती म्हणालात ना? ते घोरणं नव्हतं.” डॉक्टरांची चिठ्ठी तिनं टेबलावर ठेवली आणि ते कसलं होतं, ते सगळं सांगितलं. मोठ्या बाईंच्या हातातली पट्टी थांबली. त्या काही बोलायच्या आत दारात उभा असलेला म्हातारा शिपाई निघून गेला. तीस वर्षं तोच घंटेचं बटण दाबत होता. दोन मिनिटांनी तो हातात तुटकी वायर घेऊन परत आला आणि म्हणाला, “मी वर्गावर्गात जाऊन सांगत जाईन तास संपला म्हणून. पाय आहेत मला.”

राहिली आई.

घरी आल्यावर बटण दप्तर उघडून बसली. आई ओट्यापाशी चहा ठेवत होती, आणि तिचं सुरूच होतं. इस्पितळ केवढं स्वच्छ, डॉक्टरीणबाई किती चांगल्या, आणि तिच्यासुद्धा कागदावर म्हणे तसलाच उंचवटा निघाला. “म्हणजे माझ्याकडूनच आलं गं सगळं,” ती म्हणाली, आणि लगेच स्वतःची समजूत घातली. “पण एक बरं झालं बघ. माझ्या लेकराला कळलंसुद्धा नाही. घोरत गेला. तू ऐकलंस ना?”

तेवीस वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते आजही देता आलं असतं. टेपवालीला ते देण्याची फार इच्छा होती. आईकडे दुसरं होतंच काय? पण उद्या दीड वाजता ती कामावर असणार होती. उद्या पलीकडच्या खोलीत बटण घर्र घर्र करायला लागली तर ही बाई पायांच्या टाचा उचलून चालेल, दार अलगद लोटेल आणि म्हणेल, दमून झोपलीय बिचारी.

“आई, गॅस बंद कर. इकडे बस.”

“काय गं?”

“दादा घोरत नव्हता.”

आईनं गॅस बंद केला. टेपवालीनं सगळं सांगितलं, जसं ऐकलं होतं तसं. काही मिनिटं होती, हेही सांगितलं. “आणि मी तिथं होते. मी त्याच्यावर उशी फेकली आणि आंघोळीला गेले. मी होते तिथं, आई.” एवढं बोलून तिचा राग संपला, आणि त्याच्याखाली जे होतं त्याला आवर घालणं तिला जमलं नाही.

आई रडली नाही. तिनं पदरानं लेकीचे डोळे पुसले, जरा जोरातच. उठून आतून उशी आणली, जमिनीवर ठेवली आणि दुखरे गुडघे धरत तिच्याशी बसली.

“दाखव,” ती म्हणाली.

टेपवालीनं तिचे हात धरून जागेवर ठेवले. “इथं. कोपर ताठ. जोरात. आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही.”

“लागेल ना पोरीला.”

“लागू दे. बरगडी मोडली तरी चालेल.”

आई दाबायला लागली. एक, दोन, तीन. आधी भीत भीत, मग नीट. दारात बटण येऊन उभी राहिली. वीस झाले, तीस झाले. आईचा श्वास फुलला, अंबाडा सुटून केस तोंडावर आले, घामाचे थेंब उशीवर पडायला लागले. पन्नास. साठ. ती आता उशीकडे बघत नव्हती.

“जमलं आई,” टेपवाली म्हणाली. “पुरे आता. थांब.”

“मदत येईपर्यंत थांबायचं नाही म्हणालीस ना?” आई म्हणाली, आणि दाबत राहिली.